पान्हा आणि पंप

मातृत्वाचा विषय निघाला की मराठी लेखणीतून दूध पाझरू लागते, आणि दूध आले की पाठोपाठ 'पान्हा' येतो. पान्हा फुटतो, पान्हा दाटतो, पान्हा अनावर होतो. ही सर्व क्रियापदे अकर्मक आहेत. त्यांत करणारी कोणी नाही. जे होते ते आपोआप होते. 'काढणे' हे सकर्मक क्रियापद आपण गोठ्यासाठी राखून ठेवले. धार म्हशीची काढायची, पान्हा आईला फुटायचा. व्याकरणातील ही वाटणी निरुपद्रवी आहे असे ज्यांना वाटत असेल, त्यांनी अपुऱ्या दिवसांचे मूल जन्मलेल्या घरात बाळंतिणीभोवती चाललेले बोलणे एकदा ऐकावे.

चौतिसाव्या आठवड्यापूर्वी जन्मलेल्या बाळाला ओढणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ बहुधा घालता येत नाही. बाळ काचेच्या पेटीत असते आणि आई वॉर्डातल्या खाटेवर. अशा वेळी दूध हाताने किंवा पंपाने काढावे लागते आणि नळीने वा वाटी-चमच्याने बाळापर्यंत पोहोचवावे लागते. पहिल्या दिवशी वाटीचा तळही झाकणार नाही इतकाच चीक येतो. तो तेवढाच यायचा असतो, आणि बाळाचे पोटही तेवढेच असते. परंतु भोवतालची मंडळी वाटीत डोकावून निकाल देतात : 'हिला दूधच नाही.' पुढचे वाक्य त्याहून जहरी असते : 'माया असली की आपोआप येतं.' मग पावडरीचा डबा येतो. बाळांच्या दुधाच्या डब्यांची जाहिरात करण्यास १९९२च्या कायद्याने बंदी घातली. या घरगुती जाहिरातीला मात्र कोणताही कायदा अडवत नाही.

पंपावर असलेल्या आईचे दूध वाढवण्याचा मार्ग अगदी रुक्ष आहे. प्रसूतीनंतर शक्यतो पहिल्या तासात, फार तर सहा तासांच्या आत सुरुवात करायची. चोवीस तासांत आठ ते दहा वेळा दूध काढायचे. त्यातली एक वेळ तरी मध्यरात्र ते पहाट यांच्या दरम्यानची. जमल्यास दोन्ही बाजूंना एकदम पंप लावायचा, काढताना हाताने चोळायचे आणि पंप थांबला की शेवटचे थेंब हातानेच काढायचे. पंपाचा कप मापाचा हवा. दुखत असेल तर दूध उतरत नाही. आणि डॉक्टर परवानगी देतील तेव्हा बाळाला उघड्या छातीशी धरायचे. कारण साधे आहे : दूध जितके निघते तितके नवे तयार होते, आणि आत साचून राहिलेले दूधच पेशींना काम आवरते घेण्याचा निरोप देते. पहिल्या दोन आठवड्यांत चुकलेल्या वेळा पुढे भरून काढणे फार कठीण जाते. दहा वेळा वीस-वीस मिनिटे म्हणजे दिवसाला दोनशे मिनिटे. बाटल्या धुणे, उकळणे, दूध नेऊन देणे वेगळेच. याला काम म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे?

इथे आमच्याकडे अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथी, शतावरी यांची रांग लागते. बाळंतिणीचे अन्न म्हणून त्यांचे मोल आहेच, आणि ते कुणी कमी लेखू नये. मात्र त्यांनी दूध वाढते याचा पुरावा तोकडा आहे, आणि रात्री दोनची चुकलेली वेळ कोणताही लाडू भरून काढत नाही. लाडू वळणाऱ्या हातांचे कौतुक होते. पहाटे पंपाचे भाग उकळून ठेवणारा आणि 'तू नीज' म्हणणारा हात मात्र बहुतेक घरांत उपलब्ध नसतो, विशेषतः पुरुषाचा.

मग 'पान्हा' हा शब्द खोटा आहे काय? नाही. तो फार बारकाईने पाहिलेला शब्द आहे. बाळाच्या रडण्याने, वासाने, नुसत्या आठवणीने ऑक्सिटोसिन स्रवते आणि तयार असलेले दूध खाली उतरते. 'पान्हा फुटणे' ते हेच. परंतु दूध उतरणे वेगळे आणि दूध तयार होणे वेगळे. तयार होण्यामागे प्रोलॅक्टिन असते, आणि स्तन वारंवार रिकामे होणे असते. आपल्या साहित्याने पहिल्या घटनेचे रूपक केले आणि दुसरी तिच्याखाली झाकून टाकली. उतरण्याची भावना हेच दुधाचे कारण ठरले, आणि दूध कमी पडले की भावनाच कमी आहे असा व्यत्यास सिद्ध झाला. त्यातही क्रौर्य असे की भीती, वेदना, अपमान यांनी उतरणेही अडते. टोमणा मारणारा स्वतःच्या टोमण्याचा पुरावा स्वतःच तयार करतो.

कृष्णाकाठच्या माणसाला हे कळत नाही असे मुळीच नाही. भिलवडीत १९३९ साली चितळ्यांची डेअरी उभी राहिली. त्या सबंध टापूत धारांच्या वेळेवर घराचे घड्याळ चालते. वेळ चुकली की म्हैस आटते, कासेत दूध ठेवू नये, म्हशीला दटावू नये, पेंड-पाणी वेळेवर हवे, हे पोरासोरांनाही ठाऊक असते. म्हैस 'पान्हा चोरते' तेव्हाही शहाणा शेतकरी तिच्या मायेवर संशय घेत नाही. तो रेडकू लावतो, कास कोमट पाण्याने धुतो. हे ज्ञान गोठ्याचा उंबरा ओलांडून माजघरात का येत नाही? स्त्रीला पशूच्या रांगेत बसवल्याचा आरोप आमच्यावर होईल. आमचे म्हणणे उलट आहे : पशूला मिळणारा विचारही तिच्या वाट्याला येत नाही.

हिरकणीची कथा या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. रायगडावर दूध विकायला गेलेली गवळण. सांजेला दरवाजे बंद झाले, घरी तान्हे मूल, म्हणून ती कडा उतरून गेली. महाराजांनी तिथे बुरूज बांधला. दंतकथाच ती, पण दंतकथा समाजाची इच्छा सांगते. गडाला दूध पुरवणाऱ्या बाईचे स्वतःचे मूल उपाशी आहे, याकडे कथेचे लक्ष नाही. लेकुरवाळीसाठी दिंडी उघडावी असा नियम कथेत निघत नाही; निघतो तो बुरूज. आपण तिच्या धैर्यावर निबंध लिहून घेतो आणि बंद दरवाजा प्रश्नपत्रिकेबाहेर ठेवतो. एस.टी. स्थानकांवरील स्तनपानाच्या खोल्यांना 'हिरकणी कक्ष' हे नाव मिळाले, याचे स्वागतच आहे, कारण खोली ही दरवाजाच्या बाजूची गोष्ट आहे. परंतु केंद्र शासनाने २०१६ साली स्तनपानाचा कार्यक्रम काढला आणि त्याच्या 'मां' या नावाचा विस्तार केला 'मदर्स ॲब्सोल्यूट अफेक्शन', म्हणजे आईची निरपेक्ष माया. पुन्हा तोच बुरूज.

निरपेक्ष मायेला वेळ लागत नाही, जागा लागत नाही, वेतन लागत नाही. म्हणून ती शासनाला आणि संस्थाचालकांना परवडते. १९६१च्या मातृत्व लाभ कायद्याने मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या दिवसात दोन विराम दिले, २०१७च्या दुरुस्तीने सव्वीस आठवड्यांची रजा आणि पन्नास वा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर दिले. २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी आल्या. पण तासिका तत्त्वावर शिकवणारी आमची सहकारी या वाक्यांत कुठे बसते? तिला तास घेतला तर पैसे. आमच्या माहितीतली एक प्राध्यापिका दोन व्याख्यानांच्या मधल्या वेळेत नकाशांच्या अडगळीच्या खोलीत, दाराला खुर्ची लावून दूध काढत असे. त्यानंतरच्या तासाला ती वात्सल्यरस शिकवत असे. आणि सातारा-सांगलीच्या उसाच्या फडात मराठवाड्यातून आलेली कोयत्यावरची बाई? मजुरी टनावर, उचल डोक्यावर, खाडा पडला तर कपात. मूल बांधाच्या कडेला झोळीत. तिला प्रत्येक पाजणे तोडलेल्या मोळीत मोजावे लागते. तिच्यापुढे 'पान्हा' हा शब्द उच्चारताना आपल्याला संकोच वाटला पाहिजे.

यावर आक्षेप येईल की सगळेच श्रमात मोजले तर मायेला उरले काय? उरते ते बरेच. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. तिथे दूध मोजले जाते, साडेबासष्ट अंशांवर अर्धा तास तापवले जाते, गोठवले जाते आणि परक्या लेकराला दिले जाते. मोजल्याने त्यातले काही उणे झाले नाही, लेकरे जगली. आणि हेही स्पष्ट म्हटले पाहिजे की थायरॉइडचा विकार, प्रसूतीतला मोठा रक्तस्राव, ग्रंथींची अपुरी वाढ अशा कारणांनी काही आयांना सर्व काही करूनही दूध पुरत नाही. त्यांच्या मुलांना पेढीचे वा, डॉक्टरांच्या सल्ल्याने, डब्याचे दूध द्यावे; त्यात लाज कसली? सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या सावित्रीबाईंनी यशवंताला जन्म दिला नव्हता, तो काशीबाईंचा मुलगा. म्हणून सावित्रीबाईंचे आईपण उणे होते, असे म्हणण्याची कोणाची छाती आहे?

तेव्हा मागणी भावनेची नाही. प्रत्येक महाविद्यालयात आतून कडी लागणारी एक खोली, विजेचे बटण, बेसिन, लहानसा फ्रीज. वेळापत्रकात दोन मोकळ्या तासिका, आणि तासिका तत्त्वावरील अध्यापिकेला त्या तासिकांचे मानधन. कारखान्याच्या तळावर पाळणाघर, आणि पाजण्याच्या वेळेला खाडा न धरण्याचा करार. यासाठी नवे काव्य लागत नाही. आपण मराठीचे शिक्षक. आपल्या हातात निदान एवढे आहे की पुढच्या वेळी वर्गात हिरकणी शिकवताना कड्याची उंची विचारण्याआधी दरवाजा कोणी आणि का बंद केला, हे विचारावे.