चाड्यावरची मूठ आणि यंत्रातली चकती



आपल्यापैकी पुष्कळांचे भाऊबंद नोकरीनिमित्त ठाणे, कल्याण-डोंबिवलीकडे स्थायिक झालेले आहेत. गेल्या मृगात मी माळशेज उतरून कल्याणजवळ धाकट्या बंधूंकडे गेलो होतो. घरामागं दोन गुंठे जागा. स्टेशनवर गोड मक्याचे दाणे विकत घेण्यापेक्षा घरीच लावू, असा पोरांचा हट्ट. मी गावाकडचं हातानं ढकलायचं टोकण यंत्र सोबत नेलेलं. पाव किलो बियाणं तासाभरात पेरून झालं. आठ दिवसांनी बघतो तर कुठं एका जागी तीन कोंब, कुठं हात-हात मोकळं.

"अण्णा, बियाणं बोगस निघालं," बंधू म्हणाले. मीही मान डोलावली. आपली ही खोडच आहे.

बियाणं चांगलं होतं. गोड मक्याच्या दाण्यात साखरेचं पीठ पुरतं होत नाही, म्हणून वाळल्यावर तो सुरकुततो, चपटा आणि हलका होतो. यंत्रात चकती होती साध्या मक्याची. तिच्या भोकात दोन-दोन दाणे शिरत, काही आडवे अडकून फुटत. त्यात बियाणं रात्रभर भिजवलेलं! फुगलेला दाणा यंत्रात चालत नाही. भिजवायचाच तर हातानं टोकावा. शिवाय वाफसा येण्याआधीच आम्ही घाई केली. चकती चाकाच्या जोरावर फिरते. चिखलात चाक घसरलं, की चकती थांबते आणि दाणा पडत नाही. ओळ संपल्यावर यंत्र मागं ओढून टेकवलं, तेव्हा नळीही मातीनं बुजली.

पूर्वी तिफणीमागं चाड्यावर ज्याची मूठ असे, त्याच्या बोटांना दाणा कळत असे. यंत्राला बोटं नाहीत, ते काम आपण आधी करावं लागतं. पुढं आम्ही अंगणात १० मीटर गोणपाट अंथरून यंत्र चालवलं. २० सेंटिमीटरला एक दाणा धरला तर ५० पडायला हवेत. पडले ७३, त्यातले ९ फुटके. चकती बदलली, कोरडं बियाणं घेतलं, मग हिशेब जमला.

आपण ऊसवाले टिपरी डोळ्यांनी बघून लावतो आणि तूट पडली तर नांग्या भरतो. मक्यात ते साधत नाही. मागाहून लावलेलं रोप सावलीत खुरटतं, त्याचा तुरा वेळेवर येत नाही. परागकण वाऱ्यानं उडतात, त्यामुळं विरळ ओळीत शेजारची कणसंही पुरती भरत नाहीत. उसात आंतरपीक म्हणून मका घेणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. माझी शेतकी विभागाला विनंती आहे, की यंत्राचं प्रात्यक्षिक शेतात दाखवण्याआधी गोणपाटावर दाखवावं, आणि गोड मक्याची चकती नसेल तर तसं सभासदाला आधीच सांगावं.

बंधूंचं निम्मं रान मोडून पुन्हा पेरलं. त्याची कणसं भाद्रपदात पोरांनी खाल्ली. पहिल्या पेऱ्याची अर्धवट भरलेली निघाली, ती शेजारच्या गोठ्यात दिली.

— एक सभासद