बगळ्याच्या पोटातले यंत्र

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास अंबरनाथ पश्चिमेच्या गल्ल्या ओस पडाव्यात, असे दिवस या गावाने तीनदा पाहिले. पहिल्यांदा १९८७-८८मध्ये ‘रामायण’मुळे, मग लगोलग ‘महाभारत’मुळे आणि पुढे १९९४ ते १९९६ या काळात नीरजा गुलेरी यांच्या ‘चंद्रकांता’मुळे. पहिल्या दोन मालिकांच्या वेळी दूरदर्शन संचाला हार घालणारी, समोर उदबत्ती लावणारी घरे होती. ‘चंद्रकांता’ला हार कोणी घातला नाही. पण विम्को नाक्यापासून कोहोजगावापर्यंतची यच्चयावत पोरे भुवया उंचावून क्रूरसिंहासारखे ‘यक्कू’ म्हणत फिरू लागली, आणि घरोघरच्या आया कपाळाला हात लावून बसल्या.

अंबरनाथ पश्चिम ही कारखान्यांच्या आधाराने वाढलेली वस्ती. ऑर्डनन्स फॅक्टरी, तिच्या जोडीची मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आणि ज्याचे नाव नाक्याला पडले तो विम्कोचा काड्यापेट्यांचा कारखाना. साहजिकच शेजार देशभरचा. मराठी घराला लागून मल्याळी घर, पलीकडे उल्हासनगरहून आलेले सिंधी कुटुंब, समोर बनारस-मिर्झापूरकडचे बिऱ्हाड. या शेवटच्या बिऱ्हाडातल्या वडीलधाऱ्यांना मालिकेचे कोण कौतुक! त्यांच्याकडच्या किल्ल्यांची, त्यांच्या विंध्याच्या जंगलाची गोष्ट आता साऱ्या देशाला दिसणार होती. पण थोड्याच आठवड्यांत सर्वांत मोठी कुरकुर त्यांचीच सुरू झाली. ‘ये हमारी चंद्रकांता नहीं है’ असे म्हणून ते खुर्ची मागे सारत. बाकीची मंडळी हसत. ‘अहो काका, मुळात बनवलेलीच गोष्ट ती. तिच्यात खरे काय आणि खोटे काय?’

हा प्रश्न वरवर बिनतोड वाटतो. इतिहासावरची मालिका असेल तर कागदपत्रे दाखवता येतात, पुराणावरची असेल तर पोथी. काल्पनिक राजा, काल्पनिक राजकन्या आणि काल्पनिक भुयार यांच्याबद्दल ‘असे नव्हतेच मुळी’ अशी तक्रार कोणत्या तोंडाने करायची? आमचे म्हणणे असे की, ती तक्रार रास्त होती आणि हसणाऱ्यांनी ती समजून घेतली असती तर त्यांचाच फायदा झाला असता.

त्यासाठी आधी पुस्तकाकडे गेले पाहिजे. देवकीनंदन खत्री (१८६१-१९१३) यांनी काशीच्या महाराजांकडून चकिया आणि नौगढच्या जंगलांचा ठेका घेतला होता. लाकडाच्या व्यवहारानिमित्त हा माणूस डोंगर, गुहा, पडके किल्ले आणि ओसाड इमारतींमधून हिंडला. ठेका गेला, पण पाहिलेले डोक्यात राहिले, आणि १८८८च्या सुमारास ‘चंद्रकांता’ लिहिली गेली. चार भाग, छोटी छोटी प्रकरणे. खत्री त्यांना ‘बयान’ म्हणतात, आणि प्रत्येक बयान अशा जागी संपते की पुढचे वाचल्याशिवाय दिवा मालवणे अशक्य. पुढे ‘चंद्रकांता संतति’चे चोवीस भाग झाले, स्वतःचा लहरी प्रेस निघाला. ही पुस्तके वाचता यावीत म्हणून कित्येकांनी नागरी लिपी शिकून घेतली, असे हिंदी साहित्याच्या इतिहासात आवर्जून नोंदवले जाते. एखाद्या कादंबरीसाठी लोकांनी अक्षरे गिरवावीत, हा मान फारच थोड्यांना मिळतो.

गोष्ट तशी सरळ आहे. नौगढचा राजकुमार वीरेंद्रसिंह आणि विजयगढची राजकन्या चंद्रकांता यांचे एकमेकांवर प्रेम. वजिराचा मुलगा क्रूरसिंह आडवा येतो, चुनारच्या शिवदत्ताला चिथावतो आणि मग डावपेच सुरू होतात. पण हे डावपेच राजे लढवत नाहीत, ऐयार लढवतात. ऐयार म्हणजे वेषांतर, हेरगिरी, नकला, औषधी, पळणे, चढणे यांत निष्णात असलेला माणूस. त्याच्या बटव्यात बेशुद्ध करणारी भुकटी असते आणि शुद्धीवर आणणारा ‘लखलखा’ही असतो. त्याच्या धंद्याची एक रीत असते. ऐयार पकडला गेला तर त्याला कैदेत टाकायचे, जिवे मारायचे नाही. शत्रूही ही रीत पाळतो. म्हणजे फसवाफसवी मनसोक्त, पण तिलाही मर्यादा.

आणि तिलिस्म. हा शब्द आपल्याकडे ‘जादूटोणा’ अशा अर्थाने घेतला जातो, पण खत्रींचा तिलिस्म हा बांधलेला असतो. कोणा प्राचीन राजाने कारागीर, ज्योतिषी आणि जाणकार बसवून उभारलेली ती भूलभुलैया असते. आत खजिना असतो आणि तो ठराविक रीतीनेच हाती लागतो. चुनारच्या एका पडक्या इमारतीत दगडी बगळा आहे. जवळ गेलेल्या माणसाला तो चोच उघडून गिळतो. वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, भुताखेताचा संशय येतो. आणि मग खत्री शांतपणे त्या बगळ्याचे पोट उघडून दाखवतात. आत यंत्र निघते. अमुक ठिकाणी वजन पडले की तमुक पुर्जा हलतो, इतकाच मामला. संपूर्ण कादंबरीभर हाच पण त्यांनी पाळला आहे: चकित करीन, घाबरवीन, आठ बयाने ताटकळत ठेवीन, पण शेवटी समजावून सांगीन. खत्रींच्या हयातीतच ‘हे सारे असंभव आहे’ अशी टीका झाली होती आणि त्यांनी तिला लेखी उत्तर दिले होते. हे जमू शकते, माणसाच्या बुद्धीपलीकडचे त्यात काही नाही, हा त्यांचा दावा होता. तो पटो न पटो, पण दावा काय होता ते लक्षात घ्यायला हवे.

दिवसभर लेथवर उभे राहून, सुताच्या हिशेबाने लोखंड कापून घरी आलेल्या माणसाला हे पुस्तक का आवडावे, हे आता वेगळे सांगायला नको. बगळा गिळतो कसा, हा त्याच्या रोजच्या कामातला प्रश्न होता.

मालिकेने नेमके हेच काढून घेतले. पडद्यावर आल्या त्या विषकन्या, नागराणी आणि जे ज्या क्षणी हवे ते करून दाखवणारी जादू. हाताच्या इशाऱ्यासरशी भिंती दुभंगू लागल्या. एकदा भिंत इशाऱ्याने दुभंगली की तिच्यामागे खिटी कुठे आहे हे शोधायला कोण जाईल? ऐयाराच्या बटव्याची किंमत शून्य झाली. आणि पाहणाऱ्याला विचार करण्याचे जे काम पुस्तकाने दिले होते, तेही गेले. ‘हमारी चंद्रकांता नहीं है’ या वाक्याचा अर्थ हा होता.

मालिकेत चांगले काही नव्हते असे मात्र कोणी म्हणू नये. पटकथेमागे कमलेश्वरांसारख्या मोठ्या लेखकाचे नाव होते. अखिलेंद्र मिश्रांचा क्रूरसिंह हा तर मूळ कादंबरीतल्या क्रूरसिंहापेक्षा चार पायऱ्या वर चढलेला. पुस्तकातला क्रूर हा कारस्थानी आणि भेकड इतकाच आहे. पडद्यावरचा क्रूर भयंकर आणि विनोदी एकाच वेळी आहे, आणि हे पूर्णपणे नटाचे कर्तृत्व. चुनारचा ऐयार बद्रीनाथ झालेल्या इरफान खानकडे तेव्हा किती जणांनी नीट पाहिले असेल कोण जाणे. पुढे ज्या नटाला जगाने डोक्यावर घेतले तो रविवारी सकाळी आपल्या घरात येऊन जात होता. आमच्या वर्षा उसगावकर रूपमतीच्या भूमिकेत होत्या, त्यामुळे मराठी घरांत मालिकेबद्दल थोडा जास्तच आपलेपणा. हे बदल पुस्तकात नव्हते म्हणून कोणी तक्रार केली असेल, तर ती आम्ही तरी फेटाळू. पुस्तकातल्या ओळी पडद्यावर नुसत्या वाचून दाखवणे म्हणजे रूपांतर नव्हे.

जादू आली कुठून, याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. चार भागांची आटोपशीर कादंबरी घेऊन शंभराहून अधिक भाग काढायचे होते. दर रविवारी जाहिरातदारांना प्रेक्षक मोजून द्यायचे होते. यंत्राचे रहस्य एकदाच उलगडते, मग नवे यंत्र रचावे लागते, त्याला डोके आणि वेळ लागतो. नागराणीला कितीही वेळा आणता येते. ‘संतति’चे चोवीस भाग हाताशी असताना ही पाळी का यावी, हे कोडे मात्र आम्हाला अजून सुटलेले नाही.

कादंबरीवेड्यांच्या सगळ्याच तक्रारी डोक्यावर घ्याव्यात असेही नाही. राजकन्येच्या ओढणीचा रंग चुकला, अमुक दृश्य तमुक ठिकाणी हवे होते, अशी खळखळ करणारे जगभर असतात. नटनट्यांना शिव्याशाप देणारेही असतात, त्यांच्याविषयी न बोललेलेच बरे. आपल्याकडे २०१५मध्ये ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’वर आधारलेला ‘बाजीराव मस्तानी’ आला तेव्हा ‘पिंगा’ गाण्यावरून गदारोळ झाला आणि पेशव्यांच्या वंशजांनी आक्षेप घेतला. पण तिथे वाद घराण्याच्या प्रतिष्ठेचा आणि इतिहासाचा होता. चंद्रकांतेला ना घराणे ना इतिहास. तिच्या बाजूने उभा राहणारा फक्त वाचक.

असाच वाचक आणि प्रेक्षक २०१९मध्ये साऱ्या जगाला दिसला. जॉर्ज मार्टिन यांच्या कादंबऱ्यांवरची ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही इंग्रजी मालिका त्या वर्षी संपली आणि शेवटचे पर्व पुन्हा करा, अशी मागणी करणाऱ्या अर्जावर १५ लाखांहून अधिक सह्या पडल्या. आपल्याकडच्या तरुण मुलामुलींनीही ती मालिका रात्र रात्र जागून पाहिली होती, आणि कॉलेजच्या कट्ट्यांवरही तोच संताप. गंमत अशी की, त्यांचे दुखणे आपल्या दुखण्याच्या नेमके उलट. आपल्याकडे गोष्ट संपवत नव्हते, तिथे ती घाईघाईने गुंडाळली. शेवटच्या पर्वाचे भाग अवघे सहा. मार्टिन यांची पुढची कादंबरी आलेलीच नव्हती, २०११नंतर वाचक तिची वाट पाहत होते. तेव्हा रस्ता पुढे कुठे जातो हे लिहिलेले नसताना गाडी हाकावी लागली. पण तक्रारीचा गाभा पाहिला तर तो तोच. ज्या जगात एका शहरातून दुसऱ्या शहरात जायला महिने लागतात असे तुम्हीच आम्हाला शिकवले, तिथे पात्रे एकाएकी हवी तिथे पोहोचतात कशी? ज्या राणीला इतकी वर्षे घडवली ती दोन भागांत अशी कशी बदलते? ड्रॅगन उडतो याबद्दल कोणाचीही हरकत नव्हती.

अद्भुत गोष्टीचे असेच असते. पहिल्या पानावर लेखक काहीही मागू शकतो. बगळा माणूस गिळतो म्हणा, ड्रॅगन आग ओकतो म्हणा, वाचक मान डोलावतो. पण त्यानंतर लेखकाने स्वतः घातलेला नियम स्वतः मोडायचा नाही. आजीने सांगितलेल्या गोष्टीतला राक्षस कालच्या रात्री पाण्याला भीत असेल आणि आज पोहू लागला, तर पाच वर्षांचे पोरही उठून बसते आणि म्हणते, ‘आजी, तू चुकतेस.’ त्या पोराला कोणी म्हणत नाही की बाबा रे, राक्षस खोटाच असतो.

आमची खरी काळजी आहे ती इथे. तक्रार करायला दुसरी बाजू माहीत असावी लागते. १९९४मध्ये त्या मिर्झापूरच्या काकांना ती माहीत होती, कारण त्यांनी पुस्तक वाचले होते किंवा त्यांच्या आजोबांनी ते मोठ्याने वाचलेले ऐकले होते. बाकीच्या बिऱ्हाडांना पडद्यावर दिसली तीच चंद्रकांता, आणि तिलिस्म म्हणजे जादू. आपल्या मराठीत तर ही दुसरी बाजू फार लवकर गेली. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ची. म्हणजे अद्भुतरम्य कादंबरी आपण खत्रींच्या आधी लिहू लागलो होतो. पण १८७२मध्येच काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल आणि नाटक यांवरच्या निबंधात या प्रकारावर कोरडे ओढले, पुढे हरिभाऊ आपट्यांनी वास्तवाची वाट दाखवली आणि शहाण्यासुरत्या मराठी वाचकाने अद्भुताकडे पाठ फिरवली. हरिभाऊंचे उपकार मोठेच आहेत, त्याबद्दल दुमत नाही. पण नाथमाधवांचा ‘वीरधवल’ सोडला तर या घराण्यातले किती आज कोणाच्या घरी सापडेल? नारायण धारपांचे वाचक अजून हिरिरीने भांडतात, ‘तुंबाड’ चित्रपट २०१८मध्ये आला तेव्हा त्यांनी धारपांच्या ‘आजी’ची आठवण काढली. बाकी शांतता.

‘चंद्रकांता’ हिंदीत आहे, पण लिपी आपलीच आणि भाषा बोलकी. सातवी-आठवीतले मूल थोड्या मदतीने वाचू शकते, आणि बगळ्याच्या प्रसंगापाशी थांबून ‘आत काय असेल, सांग’ असे विचारले तर जेवणाच्या ताटावर चांगली चर्चा झडते. अंबरनाथच्या घरांत तर उत्तरे अधिकच चांगली मिळतील. निवृत्त फिटर आजोबा स्प्रिंग कुठे बसवायची तेही सांगतील.

२०१७मध्ये ‘चंद्रकांता’ पुन्हा आली, तीही दोन वाहिन्यांवर एकाच वर्षात. कलर्सवर एकता कपूर यांची, लाइफ ओकेवर ‘प्रेम या पहेली – चंद्रकांता’. पुन्हा तक्रारी झाल्या. पण या वेळी नाके मुरडणाऱ्यांच्या तोंडी खत्रींचे नाव क्वचितच ऐकू आले. हा कसला क्रूरसिंह, असे ते म्हणत होते, आणि त्यांच्या डोळ्यांपुढे होता तो रविवार सकाळचा, भुवया उडवणारा, ‘यक्कू’ म्हणणारा.