तारांचा मार्ग कोणी ठरवावा?

विजेला विरोध कोणाचाच नाही. प्रश्न एवढाच की, राधानगरी-दाजीपूरसारख्या डोंगराळ मुलखातून उच्चदाब वाहिनी नेताना मार्ग ठरवावा कोणी? 2003 च्या वीज कायद्याच्या 164 व्या कलमान्वये 1885 च्या तार कायद्यातील अधिकार वाहिनी उभारणाऱ्यांना देता येतात. मग जमीन संपादित न करताच शेतात मनोरा उभा राहतो. मनोऱ्याखालील जमिनीला किमतीच्या दुप्पट मोबदला द्यावा, असे केंद्राने जून 2024 मध्ये सुचविले. परंतु मोबदला म्हणजे संमती नव्हे. शेजारच्या गोव्यात मोलेच्या अरण्यासाठी लोक झगडले. एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवी वाहिनी जुन्या वाहिनीच्याच पट्ट्यातून नेण्यास फर्माविले. म्हणजे मार्ग बदलता येतो! मग नकाशा आधीच ग्रामसभेपुढे का ठेवू नये?