अपक्ष कुणाच्या खांद्यावर?



परवा रात्रपाळी संपवून गोदीच्या गेटबाहेर चहा पीत होतो. उदगीरहून फोन आला. "कॉम्रेडला पार्टीनं तिकीट नाकारलं. म्हातारा जिल्हा परिषदेला अपक्ष उभा राहाय लागलाय. तू कवी हैस ना? एक जोरदार गाणं लिही, अन् आठ दिवसांची सुट्टी टाकून ये."

सुट्टी! ठेकेदाराकडच्या माणसाला सुट्टी म्हणजे खाडा. आठ खाडे म्हणजे आठ दिवसांची रोजी बुडाली, वर परत आल्यावर टोळीत जागा मिळेल याची खात्री नाही. तरी मी नाही म्हणालो नाही. म्हातारा मला परका नाही. माझा बा ज्या दीड एकर गायरानावर ज्वारी पेरतो, ते गायरान हातातून जाऊ नये म्हणून या माणसानं तहसीलसमोर लाठ्या खाल्ल्यात. सारी हयात एकच झेंडा खांद्यावर. आता तोच झेंडा घेऊन दुसरा त्याच्या विरोधात उभा आहे.

पोरं म्हणतात, म्हाताऱ्यावर अन्याय झाला. झाला असेल. पण तिकीट कापलं म्हणून माणूस रातोरात बंडखोर होतो का? आणि झालाच, तर तो कुणाचा?

मुंबईनं हा खेळ एकदा पाहिलाय. व्ही. के. कृष्ण मेनन. काँग्रेसमधला डावा माणूस. 1957 ला आणि 1962 ला उत्तर मुंबईनं त्यांना लोकसभेत धाडलं. 1962 ला समोर आचार्य कृपलानी होते, त्यांना लाखावर मतांनी पाडलं. तेव्हा डोक्यावर नेहरूंचा हात होता, आणि कम्युनिस्टही त्यांच्यासाठी राबले. त्याच वर्षी चीनशी युद्ध झालं, संरक्षणमंत्रीपद गेलं. 1964 ला नेहरू गेले. 1967 ला काँग्रेसनं तिकीट नाकारलं, म्हणे हा बाहेरचा. दहा वर्षं खासदार असलेला माणूस एका रात्रीत बाहेरचा!

सत्तर वर्षांचे मेनन राजीनामा देऊन ईशान्य मुंबईतून अपक्ष उभे राहिले. काँग्रेसनं स. गो. बर्वे दिले. माजी सनदी अधिकारी, राज्याचे मंत्री आणि मराठी. शिवसेना तेव्हा नुकतीच, जून 1966 मध्ये, जन्मली होती. ती बर्व्यांच्या बाजूनं उतरली. मेनन तेरा हजारांच्या आसपास मतांनी पडले. बर्वे निवडून येऊन थोड्याच दिवसांत वारले. पोटनिवडणुकीत काँग्रेसनं त्यांच्या बहीण तारा सप्रे यांना उभं केलं. मेनन परत पडले.

आता यातून काय घ्यायचं? डावे म्हणतात, भाषेच्या नावानं कामगार फोडला. खरंय. एकाच कारखान्यात, एकाच पाळीत राबणाऱ्यांना सांगितलं गेलं की तुझा दुश्मन मालक नाही, शेजारचा मद्रासी आहे. आणि कामगारांनी ते ऐकलं.

पण का ऐकलं, हे डाव्यांनी स्वतःला विचारलं का? मेनन मोठा माणूस. लंडनच्या सेंट पँक्रासमध्ये वर्षानुवर्षं नगरसेवक, काश्मीरवर राष्ट्रसंघात तासन्‌तास बोलणारा. पण मुंबईच्या चाळीत त्याचं स्वतःचं काय होतं? उमेदवारी नेहरूंची, यंत्रणा काँग्रेसची. यंत्रणेनं हात काढला, तेव्हा कळलं की पायाखाली आपली अशी जमीन थोडीच होती. पक्ष म्हणजे पंखही. दुसऱ्याचे पंख लावून उडालेल्याचं असंच होतं.

नंतर मेनन दोनदा जिंकले, तेही अपक्षच. 1969 ला बंगालमध्ये मिदनापूरला, 1971 ला केरळात त्रिवेंद्रमला. तिथं खाली डाव्यांची बांधलेली फळी होती. माणूस तोच, खांदे वेगळे.

याउलट इंग्लंडातला जेरेमी कॉर्बिन बघा. मजूर पक्षाचा एकेकाळचा प्रमुख. 2020 ला पक्षानं त्याला संसदीय गटाबाहेर काढलं, पुढं उमेदवारीही नाकारली. 4 जुलै 2024 ला तो आपल्या जुन्याच इस्लिंग्टन नॉर्थमधून अपक्ष उभा राहिला. मेनन जिथं नगरसेवक होते, त्याला लागूनच हा भाग. आपल्याच जुन्या पक्षाच्या उमेदवाराला त्यानं सात हजारांवर मतांनी पाडलं. 1983 पासून तो तिथला खासदार. चाळीस वर्षं माणसांची कामं केली होती, ती माणसं पक्षाची चिठ्ठी बघायला थांबली नाहीत.

म्हणजे सवाल अपक्ष की पक्ष, हा नाहीच. खाली कोण उभं आहे, हा आहे.

आणि खाली बहुतेक वेळा आपण असतो, दोस्तहो. म्हणून आपला हिशोब वेगळा मांडला पाहिजे. मुंबईनं 1967 ला मेननला पाडलं म्हणून हळहळणाऱ्यांनी 1952 आठवावं. याच शहरात, उत्तर मुंबईच्या राखीव जागेवर, काँग्रेसच्या काजरोळकरांनी बाबासाहेबांना 14,561 मतांनी पाडलं. बाद ठरलेली मतं 74 हजारांवर. कम्युनिस्टांनी मतं कुजवायला लावली, असा आरोप करत बाबासाहेब आणि अशोक मेहता डांग्यांविरुद्ध न्यायाधिकरणात गेले. अर्ज टिकला नाही. पण आमच्या आज्ज्याला तो अर्ज पाठ होता. कामगारांच्या एकीचं भाषण सुरू झालं की तो एवढंच म्हणायचा, "बावन साली कुठं गेलती रे एकी?"

तिकिटावर आपला भरवसा नाहीच. 1932 च्या पुणे करारापासून आपला माणूस कोण, हे त्यांची बोर्डं ठरवतात. उदगीरची विधानसभा 2009 पासून राखीव आहे. राखीव खुर्चीवर आपलाच बसतो, पण दोरी तिकीट देणाऱ्याच्या हातात. त्या हिशोबानं बिनतिकिटाचा माणूस जास्त मोकळा. पण मोकळा झाला म्हणजे आपला झाला, असं नव्हे.

म्हणून मी फोनवर सांगितलं, येतो. पण सभेच्या आधी म्हाताऱ्याला गायरानावर आणा. आमच्या बायाबापड्यांसमोर तीन गोष्टी विचारणार आहे.

एक. 1978 ला विधिमंडळानं नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात आमच्या वस्त्या पेटल्या. कॉम्रेड, तुम्ही तेव्हा ऐन तरुण होता. त्या दिवसांत तुम्ही कुठं होता?

दोन. मोर्चात पुढं आमची माणसं, लाठ्याही आमच्याच पाठीवर. मग तुमच्या तालुका कमिटीत आमच्या वस्तीतला एकही माणूस का नव्हता? जातीचं नाव काढलं की वर्गाचा पाठ का वाचून दाखवत होता?

तीन. उद्या पार्टीनं परत बोलावलं, तर जाणार का? गेलात तर आमची मतं कुणाला विचारून नेणार?

म्हाताऱ्यानं चारचौघांत खरं उत्तर दिलं, चुकलो म्हणाला तरी चालेल, तर मी माझा घसा त्याच्यासाठी फाडीन. कारण त्यानं खाल्लेल्या लाठ्या मी विसरलेलो नाही. गोलमाल बोलला, तर गावभर सांगेन की हा फक्त तिकिटावर रुसलाय.

आणि गाणं? ते गायरानावर लिहीन. माणसावर नाही.

खाडा पडला तर पडू दे. बिदर गाडीचं जनरलचं तिकीट काढलंय. ते तरी कुठल्या पार्टीकडं मागावं लागत नाही.

जयभीम.