सातबारा मुलांच्या नावावर, शुश्रूषा कोणाच्या खांद्यावर?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्णत्वास गेला आणि कर्जत-खालापूर पट्ट्यातील जमिनीचे अर्थकारण बदलले. भातशेतीची खाचरे शेतघरांच्या कुंपणात गेली, चौक-खोपोली परिसरात गृहसंकुले उभी राहिली. पनवेल-कर्जत उपनगरी रेल्वेमार्गाच्या आखणीने भावाला आणखी उठाव आणला. ज्या जमिनीवर कुटुंबाचे वर्षाचे तांदूळ जेमतेम निघत, तीच जमीन घरातील सर्वांत मौल्यवान वस्तू ठरली. याच काळात या जमिनीचे खातेदार मात्र सत्तरी-ऐंशीकडे झुकले. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राच्या लोकसंख्येत साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण ९.९ टक्के होते. हाताशी रोकड नाही, निवृत्तिवेतन नाही, पण नावावर कोट्यवधींची जमीन आहे, अशा अवस्थेतील वृद्धांची एक पिढीच या दोन तालुक्यांत आहे. अंथरुणाला खिळल्यावर तिच्या शुश्रूषेचा खर्च कोण करणार आणि तोवर जमीन कोणाच्या नावावर असावी, हे दोन प्रश्न एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत.

पाश्चात्त्य देशांतही हा प्रश्न आहे; पण त्याचे तोंड नेमके उलट दिशेला आहे. इंग्लंडमध्ये ज्याची मालमत्ता २३,२५० पौंडांहून अधिक, त्याला शुश्रूषागृहाचा खर्च स्वतःच सोसावा लागतो. अमेरिकेत 'मेडिकेड' योजनेतून शुश्रूषागृहाचा खर्च हवा असेल, तर अर्जापूर्वीच्या पाच वर्षांत मालमत्ता कोणाला फुकट दिली काय, हे तपासले जाते. तेथील वकील कुटुंबाची मालमत्ता या खर्चात वाहून जाऊ नये म्हणून सल्ला देतात. आपल्याकडे सरकार दीर्घकालीन शुश्रूषेचा खर्च उचलतच नाही. त्यामुळे सरकारपासून मालमत्ता वाचविण्याचा प्रश्न उद्भवत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी पूर्ण केलेल्या प्रत्येकाला आयुष्मान भारत योजनेत ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळाले, हे खरे. परंतु ते रुग्णालयातील उपचारांसाठी आहे. पक्षाघातानंतर घरी ठेवावी लागणारी मावशी, डायपर, रोजची मलमपट्टी यांची त्यात सोय नाही. म्हणजे येथे मालमत्ता वाचवायची ती वृद्धासाठीच, आणि बहुतेक वेळा घाईने केलेल्या दानापासून.

दोनशे रुपयांचे दान

ही घाई का होते? पहिले कारण कायद्यानेच दिलेली सवलत. महाराष्ट्रात निवासी अथवा शेतीची मालमत्ता पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मृत मुलाची पत्नी यांना बक्षीसपत्राने द्यायची असल्यास मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये आहे. सवलतीचा हेतू चांगला होता. वारसांमधील तंटे वडीलधाऱ्यांच्या हयातीतच मिटावेत आणि शुल्काच्या भीतीने व्यवहार अडू नयेत, हा तो हेतू. पण दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात एका सकाळी होणाऱ्या या व्यवहाराचे परिणाम कायमचे असतात. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १२६ नुसार एकदा दिलेले बक्षीस देणाऱ्याच्या नुसत्या इच्छेने मागे घेता येत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, नेरळजवळच्या एका गावातील पंचाहत्तर वर्षांच्या खातेदाराने दोन एकर जमीन मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करून दिली. 'दादा, तुम्ही काळजी करू नका, आम्ही आहोत ना,' एवढ्यावर सही झाली. दोन वर्षांनी मुलाने ती विकसकाला विकली, बदलापूरला सदनिका घेतली आणि तो तिकडे राहायला गेला. वडिलांना पक्षाघात झाला तेव्हा त्यांच्या हाती ना जमीन होती, ना तिचे पैसे. येथे कोणी खलनायक असतोच असे नाही. मुलाचीही नोकरी गेलेली असू शकते, त्याच्याही डोक्यावर कर्ज असू शकते. कायद्याने विचारायचा प्रश्न एवढाच, की वडिलांनी दिले ते कोणत्या अटीवर?

कलम २३ चे बळ आणि मर्यादा

या प्रश्नाचे उत्तर 'आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७' च्या कलम २३ मध्ये आहे. हा कायदा महाराष्ट्रात १ मार्च २००९ पासून लागू झाला. मूलभूत सुखसोयी व शारीरिक गरजा पुरविण्याच्या अटीवर ज्येष्ठ नागरिकाने मालमत्ता दिली असेल आणि घेणाऱ्याने ती अट पाळली नाही, तर ते हस्तांतरण फसवणुकीने वा दबावाने झाले असे मानून न्यायाधिकरण रद्द ठरवू शकते. सामान्य दिवाणी दाव्यात दबाव सिद्ध करता करता आयुष्य सरते. येथे कायदा ते गृहीत धरतो, ही मोठी गोष्ट आहे.

मात्र सर्व भार 'अटीवर' या एका शब्दावर आहे. सुदेश छिकारा विरुद्ध रामती देवी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ६ डिसेंबर २०२२ रोजी स्पष्ट केले, की अशी अट होती हे दाखविल्याखेरीज कलम २३ चा आधार मिळणार नाही. प्रेमापोटी दिले म्हणजे सांभाळण्याची अट त्यात आलीच, असे आपोआप धरता येत नाही. पुढे २ जानेवारी २०२५ रोजी ऊर्मिला दीक्षित प्रकरणात याच न्यायालयाने ज्येष्ठांच्या बाजूने उदार अर्थ लावला. मध्य प्रदेशातील या मातेने २०१९ साली मुलाला बक्षीसपत्र करून दिले होते आणि त्याच दिवशी मुलाने सांभाळाचे वचनपत्र लिहून दिले होते. न्यायालयाने बक्षीसपत्र रद्द ठरविले आणि न्यायाधिकरण ताबा परत देण्याचा आदेशही देऊ शकते, असे म्हटले. दोन्ही निकाल एकत्र वाचले तर धडा सरळ आहे. पहिल्यात अट दिसली नाही, दुसऱ्यात ती कागदावर होती.

दुसरी मर्यादा जमिनीच्या बाजाराशी संबंधित आहे आणि म्हणून या दोन तालुक्यांत ती विशेष बोचणारी आहे. कलम २३ च्या दुसऱ्या पोटकलमानुसार मालमत्तेतून चरितार्थ मिळण्याचा हक्क, ती मालमत्ता फुकट मिळालेल्या अथवा त्या हक्काची माहिती असलेल्या व्यक्तीविरुद्ध बजावता येतो. पण मोबदला देऊन, त्या हक्काची कल्पना नसताना विकत घेणाऱ्याविरुद्ध तो चालत नाही. जेथे जमीन वर्षभरात दोनदा हात बदलू शकते, तेथे बक्षीसपत्रात अट असून भागत नाही. ती सातबाराच्या 'इतर अधिकार' या रकान्यातही दिसली पाहिजे. खरेदीदार सर्वप्रथम पाहतो तो सातबाराच.

चरितार्थाची रक्कम

कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांसाठी महसुली उपविभागाचे कार्यालय कर्जतला आहे आणि उपविभागीय अधिकारी हेच न्यायाधिकरणाचे काम पाहतात. अर्ज साध्या कागदावर करता येतो. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत चरितार्थाच्या अर्जाचा निकाल लागावा, अपवादात्मक स्थितीत आणखी ३० दिवस घ्यावेत, असे कायदा सांगतो. तथापि चरितार्थाच्या रकमेला महिना १० हजार रुपयांची कमाल मर्यादा आहे. दिवसाला हे सुमारे ३३३ रुपये होतात. दिवस आणि रात्र अशा दोन पाळ्यांची मदत लागणाऱ्या रुग्णाचा खर्च एवढ्यात भागत नाही. ही मर्यादा काढण्याची तरतूद असलेले दुरुस्ती विधेयक २०१९ साली लोकसभेत मांडले गेले. त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही.

म्हणूनच न्यायाधिकरणाच्या आदेशावर विसंबण्यापेक्षा मालमत्तेवरील हक्क स्वतःकडे राखणे अधिक शहाणपणाचे ठरते. त्यासाठी तीन मार्ग आहेत.

पहिला मृत्युपत्राचा. त्याला मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यात. अखेरच्या श्वासापर्यंत मालमत्ता स्वतःची राहते आणि मन बदलले तर मृत्युपत्र बदलता येते. दुसरा मार्ग हयातीतील हक्क राखून बक्षीसपत्र करण्याचा. रेणिकुंतला राजम्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली मान्य केले, की देणाऱ्याने हयातीत उपभोगाचा हक्क स्वतःकडे ठेवला आणि ताबा दिला नाही, तरी नोंदणीकृत बक्षीसपत्र वैध असते. त्यातच सांभाळाची अट स्पष्ट शब्दांत घालावी. 'सांभाळ करील' एवढे मोघम न लिहिता औषधोपचार, मदतनीस, निवास आणि खर्च यांचा उल्लेख करावा. तिसरा मार्ग म्हणजे जमिनीचा एक तुकडा विकून ती रक्कम बँकेत स्वतःच्या नावे ठेवणे. गावात याला 'जमीन विकून खाल्ली' म्हणतात. पण स्वतःच्या औषधासाठी स्वतःची जमीन विकण्यात लाज कसली?

या तिन्हींच्या जोडीला एक सावधगिरी. अनेक जण मुलाला कुलमुखत्यारपत्र देऊन निश्चिंत होतात. करार अधिनियमाच्या कलम २०१ नुसार, मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती मनाने असमर्थ झाली की ते संपुष्टात येते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णासाठी, म्हणजे गरज सर्वाधिक असते तेव्हाच, हा कागद कामास येत नाही. बँकेचे खाते निदान संयुक्त आणि दोघांपैकी कोणालाही व्यवहार करता येईल असे करून ठेवावे.

जमिनीचा प्रकार आणि घरातील स्त्रिया

सर्व सातबारे सारखे नसतात. कूळकायद्याने मिळालेल्या जमिनीच्या हस्तांतरावर कलम ४३ चे निर्बंध आहेत. ठाकूर, कातकरी खातेदारांची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यावर जमीन महसूल संहितेचे निर्बंध आहेत. वनहक्क कायदा, २००६ खाली मिळालेली जमीन तर वारसाने जाते, पण विकता वा बक्षीस देता येत नाही. वडिलोपार्जित अविभक्त जमीन असेल तर वडील ती एकट्याने बक्षीस देऊ शकत नाहीत. शिवाय २००५ ची दुरुस्ती आणि विनीता शर्मा प्रकरणातील ११ ऑगस्ट २०२० चा निकाल यांनंतर मुलींचा जन्मसिद्ध हिस्सा निर्विवाद आहे. मुलींच्या हक्कसोडपत्रावर सह्या घेऊन भावांनी जमीन वाटून घ्यायची आणि आई आजारी पडली की बहिणीने रजा काढून यायचे, ही रीत अनेक घरांना ओळखीची आहे.

आणि सून? प्रत्यक्ष शुश्रूषा बहुधा तीच करते. २००७ च्या कायद्यातील 'अपत्य' या व्याख्येत तिचा समावेश नाही. २०० रुपयांच्या सवलतीत दिवंगत मुलाची पत्नी आहे, हयात मुलाची नाही. एस. वनिता प्रकरणात डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एवढे मात्र बजावले, की ज्येष्ठांच्या कायद्याचा आधार घेऊन सुनेचा सामाईक घरात राहण्याचा हक्क सरसकट हिरावता येणार नाही. जी व्यक्ती रात्री उठून कूस बदलवते तिच्यासाठी काही तरतूद करायची असेल, तर ती मृत्युपत्रातच करावी लागेल. कायदा आपण होऊन करणार नाही.

सरकारला करण्यासारखी एक साधी गोष्ट आहे. साठी ओलांडलेली व्यक्ती बक्षीसपत्र नोंदवीत असेल, तर दुय्यम निबंधकाने सांभाळाची अट व हयातीतील हक्क याविषयी तिला विचारावे आणि तिचे उत्तर दस्तात नमूद करावे. 'अट नको' असे तिने म्हटले तर तेही लिहून घ्यावे. यासाठी नवा कायदा नको, नवी कचेरी नको. पाच मिनिटांच्या या प्रश्नाने पुढची पाच वर्षांची वणवण टळू शकते.

मुंबई-ठाण्यात नोकरी करणाऱ्या आणि आई-वडील कर्जत-खालापूरच्या घरी असलेल्या वाचकांनी हा विषय पुढच्या भेटीत काढायला हरकत नाही. जमीन कोणाला मिळणार, याची चर्चा घरोघर होते. आई-वडिलांना कोण, कोठे आणि कोणत्या पैशातून सांभाळणार, ही चर्चा मात्र आजारपण दाराशी येईपर्यंत टाळली जाते. दुसरी चर्चा आधी झाली, तर पहिलीतील निम्मे वाद आपोआप मिटतील.