एसी बंद पडला : आधी माणूस, मग यंत्र

विदर्भाचा उन्हाळा ज्येष्ठांची दरवर्षी परीक्षा घेतो. मे 2024 मध्ये अकोल्यात पारा 45 अंशांच्या पुढे गेला, तेव्हा जिल्हा प्रशासनाला केवळ उष्णतेमुळे 31 मेपर्यंत कलम 144 लागू करावे लागले होते. अकोल्याहून वाशीमकडे येताना पातूर मागे पडले की आमचे मेडशी लागते; तेवढ्या अंतराने ऊन काही सौम्य होत नाही.

गेल्या काही वर्षांत आमच्याकडेही अनेक घरांत एसी आले. बहुधा पुण्या-मुंबईला नोकरी करणाऱ्या मुलाने आई-वडिलांसाठी ते बसविलेले असतात. भावना उत्तम; परंतु यंत्र सुरू झाले नाही तर काय करायचे, हे त्या घरात कोणालाच सांगितलेले नसते. मुलगा दूरध्वनीवरून सूचना देतो, सून स्टुलावर चढून बटणे दाबते आणि या खटपटीत ज्यांच्यासाठी एसी घेतला ते आजोबा त्याच बंद खोलीत बसून राहतात. एसीची खोली आपण फटी बुजवून, खिडक्या लावून घट्ट केलेली असते. वर तापलेला स्लॅब असतो. यंत्र बंद पडताच तीच खोली घरातील सर्वांत कोंदट जागा ठरू शकते. म्हणून आजचे सूत्र एवढेच : एसी सुरू होत नसेल तर पहिली पाच मिनिटे माणसाची, नंतरची पंधरा यंत्राची.

पहिली पाच मिनिटे

ज्येष्ठ व्यक्तीला त्या खोलीतून बाहेर, घरातील सर्वांत थंड जागी आणावे. हे बहुधा तळमजल्यावरील, स्लॅब थेट डोक्यावर नसलेले किंवा उत्तरेकडील दालन असते. कपडे सैल करावेत. पंचा पाण्यात भिजवून मान, हात व छातीवर फिरवावा आणि पंखा लावावा. आपल्याकडील कोरड्या हवेत ओल्या त्वचेवरचे पाणी झपाट्याने उडते व शरीराची उष्णता घेऊन जाते. कोरड्या अंगावर मात्र, खोली 40 अंशांच्या वर गेली की पंखा गरम झळच फेकत राहतो.

‘राहू दे, मला काही होत नाही,’ असे आजोबा म्हणतील. त्यावर विसंबू नये. वयानुसार तहानेची जाणीव मंदावते, घाम कमी येतो आणि उष्णता वाढल्याची सूचना शरीर उशिरा देते. त्यात लघवी वाढविणाऱ्या गोळ्या, रक्तदाबावरील व हृदयाची गती कमी करणारी काही औषधे, तसेच मानसिक विकार व कंपवातावरील काही औषधे यांमुळे उष्णतेशी जुळवून घेण्याची शक्ती आणखी घटते. ही औषधे स्वतःहून बंद करू नयेत. उन्हाळा सुरू होताना मात्रेविषयी आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

नंतरची पंधरा मिनिटे

आता यंत्राकडे वळू. तपासणी सोप्याकडून अवघडाकडे, याच क्रमाने करावी.

1. वीज कोठवर आहे ते पाहावे. दिवे लागतात म्हणजे एसीलाही वीज आहे, असे नव्हे. तीन फेजची जोडणी असलेल्या घरात एक फेज गेली तर पंखे फिरत राहतात व एसी निपचित असतो. शेजारी विचारावे. पुरवठ्यातील दोष असल्यास महावितरणच्या 1912 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. आणखी एक गैरसमज येथेच दूर करतो : ‘इन्व्हर्टर एसी’ हे कॉम्प्रेसरच्या रचनेचे नाव आहे. घरातील बॅटरीच्या इन्व्हर्टरवर तो चालेल, असा त्याचा अर्थ नाही.

2. स्टॅबिलायझर असल्यास त्याचा आकडा पाहावा. उन्हाळ्यात संध्याकाळी दाब खाली येतो आणि तो ठरावीक मर्यादेखाली गेला की स्टॅबिलायझर एसीचा पुरवठा तोडतो. हा बिघाड नव्हे, संरक्षण आहे. वीज परत आल्यावरही तो काही मिनिटे थांबतो; एसीचा कॉम्प्रेसरसुद्धा साधारण तीन मिनिटे उशिराने सुरू होतो. या अवधीत वारंवार बटण दाबणे व्यर्थ असते.

3. एमसीबी पाहावा. एसीचा खटका पडलेला असेल तर तो आधी पूर्ण खाली करून मग एकदाच वर करावा. पुन्हा पडला तर तेथेच थांबावे.

4. रिमोटची परीक्षा घ्यावी. दवाखान्यात ऐकू येणाऱ्या एसीच्या कहाण्यांत दोष पुष्कळदा येथेच निघतो. दोन्ही सेल नवे घालावेत. रिमोट मोबाइलच्या समोरच्या कॅमेऱ्याकडे धरून बटण दाबले असता पडद्यावर जांभळट ठिपका चमकला, तर रिमोट संदेश पाठवीत आहे असे समजावे. त्यावर ‘कूल’ ही पद्धत निवडलेली आहे ना, टायमर चुकून लागलेला नाही ना आणि मागितलेले तापमान खोलीपेक्षा कमी आहे ना, हे पाहावे. 24 ते 26 अंश ज्येष्ठांना पुरेसे असतात.

5. रिमोटशिवाय सुरू करून पाहावे. आतील यंत्राच्या पुढील झाकणाखाली किंवा कडेला बहुतेक एसींना एक लहान बटण असते. ते दाबताच यंत्र सुरू झाले तर दोष रिमोटचा. छोट्या पडद्यावर अक्षर-आकड्यांची खूण लुकलुकत असल्यास ती कागदावर उतरवून घ्यावी. मेकॅनिकला दूरध्वनीवर तेवढी सांगितली तरी त्याची एक फेरी वाचू शकते.

मेकॅनिक आल्यावर एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. गॅस कमी झाला तर एसी सहसा सुरू होतो, पण गारवा देत नाही. यंत्राचा दिवाही लागत नसेल आणि ‘गॅस भरावा लागेल’ असे उत्तर मिळाले, तर त्याचे कारण अवश्य विचारावे.

येथे हात लावू नये

एमसीबी पुन्हा पडणे, प्लग काळवंडणे, जळका वास, ठिणगी किंवा यंत्राच्या अंगाला झिणझिण्या यांपैकी काहीही आढळल्यास मुख्य पुरवठा बंद करून जाणकारालाच बोलवावे. जुन्या घरातील किटकॅट फ्यूजमध्ये जाड तार घालून ‘तात्पुरती सोय’ करणे म्हणजे आगीला आमंत्रण होय. साठी ओलांडलेल्या कोणीही स्टुलावर चढू नये. एसीच्या निमित्ताने मोडलेले खुब्याचे हाड एसीपेक्षा कितीतरी महाग पडते.

एसी बंद पडला की माळ्यावरचा जुना कूलर खाली येतो. कोरड्या उन्हाळ्यात तो खरोखर उपयोगी आहे. त्यासाठी एक खिडकी मात्र उघडी हवी. पण पत्र्याच्या कूलरमध्ये वीज उतरून माणसे दगावल्याच्या बातम्या विदर्भात नव्या नाहीत. त्याला अर्थिंग आहे याची खात्री करावी आणि पाणी भरताना प्लग काढून ठेवावा. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही.

दुरुस्तीला उशीर लागला तर

हंगामात मेकॅनिक दोन-दोन दिवस मिळत नाही. दिवसा उन्हाच्या बाजूच्या खिडक्यांना ओले पडदे किंवा चादरी लावाव्यात; बाहेरची हवा थंड झाली की रात्री खिडक्या उघडाव्यात. दर तासाला थोडे थोडे पाणी, ताक किंवा पन्हे द्यावे. हृदयविकार वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्याचे प्रमाण ठरवून दिलेले असेल, तर डॉक्टरांना विचारूनच ते वाढवावे. रक्तदाब असलेल्यांच्या ताकात मीठ टाकताना हात आखडता ठेवावा. पाय गार पाण्यात ठेवल्याने आराम मिळतो. मधुमेहींच्या पायाला जखम असल्यास मात्र ते टाळावे. वीजच गेली असेल तर इन्सुलिनची आठवण ठेवावी. कुपी पिशवीत बंद करून, ओले फडके गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यात ठेवल्यास ती उष्णतेपासून बरीच सुरक्षित राहते.

हे दिसले तर एसी विसरा

असंबद्ध बोलणे, नेहमीच्या माणसाला न ओळखणे, झोक जाणे, झटके, बेशुद्धी किंवा अंग चटका बसेल इतके तापणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. घाम येत आहे म्हणून उष्माघात नाही, असेही समजू नये. 108 वर तत्काळ दूरध्वनी करावा आणि रुग्णवाहिकेची वाट पाहत स्वस्थ न बसता सर्वांगावर पाणी ओतावे, वारा घालावा, मान, काखा व जांघेत फडक्यात गुंडाळलेला बर्फ ठेवावा. शुद्ध नसलेल्या व्यक्तीच्या तोंडात पाणी घालू नये. तापाची पॅरासिटॅमॉल गोळी या उष्णतेवर काम करीत नाही. ती देण्यात वेळ दवडू नये.

एक कागद, एक तालीम

या साऱ्याची तयारी मेच्या दुपारी होत नाही. गुढीपाडव्याच्या सुमारास एसी एकदा सुरू करून पाहावा, जाळी धुवावी, रिमोटचे सेल बदलावेत. गावी आलेल्या मुलाने आई-बाबांना एसीचा एमसीबी कोणता, स्टॅबिलायझर कोठे आणि झाकणाखालचे बटण कोणते, हे बोट दाखवून सांगावे व त्यांच्याकडून एकदा करवून घ्यावे. मग मोठ्या अक्षरांत एक कागद भिंतीवर लावावा. त्यावर 108, 1912, मेकॅनिकचा क्रमांक आणि हाक मारताच येऊ शकेल अशा शेजाऱ्याचा क्रमांक असावा. सर्वांत वर मात्र एकच ओळ लिहावी : ‘एसी सुरू झाला नाही तर आधी या खोलीतून बाहेर या.’