जिवंत यंत्राचे श्राद्ध

हयात असलेल्या बापाचे श्राद्ध घालणाऱ्या पुत्रास आपण काय म्हणू, हे सांगावयास नको. मग चालता-बोलता संगणक मृत ठरवून भंगारवाल्याच्या हवाली करणाऱ्या गृहस्थास काय म्हणावे, हे वाचकांनीच ठरवावे.

मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. विंडोज ११ चालवावयाची तर टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय व कंपनीच्या यादीतील प्रोसेसर लागतो. २०१७ पूर्वीचे बहुतेक संगणक त्या यादीत नाहीत. यंत्र बिघडलेले नसते; यादी बदललेली असते.

आमच्या घरच्या २०१२ सालच्या लॅपटॉपची गत हीच झाली. स्मृती अवघी ४ जीबी. दुकानदार म्हणाला, "यात आता काही राम नाही." आम्ही लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती पेनड्राइव्हवर घेतली, डिस्कला हात न लावता प्रथम तशीच चालवून पाहिली आणि मग कायमची बसविली. फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी घातली, एवढाच काय तो खर्च. हा मजकूर त्याच लॅपटॉपवर देवनागरीत टंकलेला आहे.

यात चमत्कार नाही. लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने १९९१ साली जे बीज लाविले, त्याची संहिता सर्वांस खुली आहे. म्हणूनच ज्यास गरज त्याने अनावश्यक भार छाटावा व दुबळ्या यंत्राजोगी प्रणाली सिद्ध करावी, हे शक्य होते. तिची तेरावी घालण्याचा अधिकार कोणा एका कंपनीकडे नाही. केरळातील सरकारी शाळा अशाच मुक्त प्रणालीवर मुलांस शिकवितात; तेथील मुले काही अडाणी राहिली नाहीत.

आक्षेप येतील, व ते सगळेच पोकळ नाहीत. श्रीलिपीवर ज्यांचा छापखाना चालतो किंवा फोटोशॉपवर ज्यांचे पोट आहे, त्यांस हा मार्ग आम्ही सांगणार नाही. ४ जीबीत ब्राउझरच्या वीस खिडक्या उघडल्या की यंत्र धापा टाकणारच. शिवाय डेबियनसारख्या प्रणालीनेही २०२५ च्या आवृत्तीपासून ३२-बिट संगणकांवर नव्याने बसविण्याची सोय बंद केली. लिनक्स म्हणजे संजीवनी नव्हे. परंतु पत्रलेखन, हिशेब, वाचन, मुलांचा अभ्यास एवढ्यासाठी हप्त्याने नवे यंत्र घेणाऱ्या कुटुंबास यांतला कोणता आक्षेप लागू पडतो?

२०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन विद्युत-कचरा निर्माण झाला. त्यात कंपन्यांचा दोष आहेच. पण जुन्या लुगड्याची गोधडी शिवणाऱ्या आजीच्या नातवंडांनी 'जुने म्हणजे टाकाऊ' हे कोणाच्या शब्दावर मान्य केले? एक रविवार खर्चावा, पेनड्राइव्ह लावून पाहावा. यंत्र खरोखरच मेले असेल, तर भंगारवाला सोमवारीही येतो.